अंगठा कुणाचा तपासायचा?

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. शहादा तालुक्यातलं हे लहानसं गाव. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथे आले होते. ज्याच्याकडे ओळखीचा कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळेल आणि त्याच्या हक्काचं त्याच्या हातात पडेल, असा त्या योजनेचा शब्द होता. सुरुवातीला दिल्ली-मुंबई सोडून सातपुड्याच्या पायथ्याचं गाव निवडलं, याचं खानदेशातल्या माणसाला अप्रूप वाटलं होतं. मलाही वाटलं होतं.

अप्रूप वाटायला आणखी एक कारण होतं. आमच्याकडे अंगठ्याची आठवण चांगली नाही. शहादा-तळोद्यात भिल्लांच्या कितीतरी जमिनी वाचता न येणाऱ्या कागदांवर उठवलेल्या अंगठ्यांनी गेल्या. 1970 च्या दशकात अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सोबतचे लोक याच जमिनींसाठी आणि सालदारांच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरांच्या, मजुरीसाठी लढले. ज्या अंगठ्याने घेतलं तोच अंगठा आता देणार, असं वाटण्याजोगा तो दिवस होता.

त्याला पंधरा वर्षं उलटून गेली. रेशन दुकानात अंगठा तपासणारं मशीन आलं, अंगणवाडीत मोबाइल आला, तहसीलच्या पुरवठा शाखेत संगणक आला. तरी केंद्र सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (2019-21) सांगते की नंदुरबारमध्ये पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची होती. भुकेवर डिजिटल उपाय हवा की नको, हा वाद मला निरर्थक वाटतो. उपाय हवाच आहे. प्रश्न आहे तो या यंत्रांचं तोंड कुणाकडे वळवायचं हा. आज ती सगळी भुकेल्या माणसाकडे तोंड करून उभी आहेत. 'तूच तो कशावरून?' असं दर महिन्याला त्याला विचारतात. ज्या गोदामातून धान्य निघतं, ज्या ट्रकमधून येतं, ज्या कचेरीत नाव कापलं जातं, त्यांना हाच प्रश्न तितक्याच कडकपणे विचारला जात नाही. माझा आक्षेप एवढाच आहे, आणि तो मला फार मोठा वाटतो.

चोपडा तालुक्यात माझी मोठी मावशी राहते. वय सत्तरीच्या पुढे. काका गेले, मुलगा सुरतेला. उभा जन्म तिने केळीच्या बागांत आणि कापसाच्या शेतात रोजंदारी केली. केळीचं पील (बुडाशी फुटणारा कोंब) कापलं की निघणारा चीक कपड्यावर पडला तर तो डाग जन्मात जात नाही, हे आमच्याकडे लहान पोराला माहीत असतं. तोच चीक वर्षानुवर्षं तिच्या पेरांवर बसत गेला. वर कपाशीच्या बोंडांचे ओरखडे, निंदणीचा विळा, राखेने घासलेली भांडी. तिचा अंगठा हातात घेऊन पाहिला तर नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत लागतो.

मागच्या उन्हाळ्यात मी तिच्यासोबत कंट्रोलवर, म्हणजे रेशन दुकानात, गेलो होतो. दुकानदार गावातलाच, तिला काकू म्हणणारा. त्याने आधी उजवा अंगठा ठेवायला सांगितला. मशीनने घेतला नाही. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा ठेवला. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. तिने पदराने बोटं पुसली, केसांना चोळून जरा तेलकट केली, हा उपाय तिला रांगेतल्या कुणीतरी शिकवलेला. नव्या मशीनला डोळ्याची बुबुळं वाचायचीही सोय आहे, पण तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तेही जमेना. मागे पंधरावीस माणसं उभी. शेवटी दुकानदारच ओशाळून म्हणाला, "काकू, उद्या सकाळी ये, तेव्हा मशीन बरं चालतं." पायरी उतरताना ती मला म्हणाली, "बापू, हाई मशीन मन्हा आंगठा वयखत नही. आठे सारं गाव मले वयखस." मशीन ओळखत नाही, इथलं सारं गाव ओळखतं.

तिसऱ्या खेपेला अंगठा लागला. पाच किलो धान्य मिळालं. अन्न सुरक्षा कायद्याच्या 'प्राधान्य कुटुंब' गटात माणशी महिना पाच किलो हा तिचा हक्क आहे. आता तर ते फुकट आहे, जानेवारी 2024 पासून पाच वर्षांसाठी. पण तीन खेपांत तिच्या दोन रोज्या बुडाल्या आणि मधल्या दिवसांत शेजारणीकडून शेरभर ज्वारी उसनी आणावी लागली. फुकट धान्याची ही किंमत कुठल्याच पावतीवर छापून येत नाही. मशीनच्या लेखी त्या महिन्यात सगळं सुरळीत होतं: एक कार्ड, एक व्यवहार, पाच किलो, यशस्वी. आधीच्या दोन फेऱ्यांत ती रिकाम्या पिशवीने परत गेली, याची नोंद तिच्यापुढे कुणी ठेवली नाही, आणि बहुतेक कुणी वाचलीही नाही.

मशीन येण्याआधीचे दिवस मी विसरलेलो नाही. तेव्हा 'माल आला नाही' हे एकच उत्तर असायचं. मेलेल्या माणसांच्या नावावर गहू उचलला जायचा, रॉकेलचे पिंप रात्रीतून गायब व्हायचे, कार्डावर दहा लिहून हातावर सहा पडायचे. मशीन आल्यावर पावती मिळू लागली. किती धान्य आपल्या नावावर आहे ते लोकांना कळू लागलं. बोगस कार्डं कमी झाली. हे फायदे खरे आहेत, आणि ते नाकारणाऱ्याने गरिबाच्या बाजूने बोलतो असं म्हणू नये.

पण अंगठ्याने कोणती चोरी थांबते आणि कोणती नाही, हेही सरळ बघितलं पाहिजे. माणूस तोच आहे एवढंच अंगठा सांगतो. तराजूत किती पडलं ते सांगत नाही. मशीनवर पंचवीस किलोची पावती निघाली आणि पिशवीत बावीस पडले, तर ती तीन किलोची चोरी अंगठ्याच्या साक्षीने झाली. झारखंडमध्ये कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी मोठी पाहणी करून हेच तपासलं. नुसत्या अंगठ्याच्या सक्तीने गळती कमी झाली नाही. रेशन घेण्याचा लोकांचा खर्च मात्र वाढला, आणि ज्यांचं आधार आधी जोडलेलं नव्हतं त्यांच्या पदरात पडणारं धान्य सुमारे 10 टक्क्यांनी घटलं. पुढे दुकानदाराच्या शिल्लक साठ्याचा हिशेब मशीनवरून लावायला सुरुवात झाली तेव्हा गळती खाली आली, पण सोबत खऱ्या हकदारांचं धान्यही कमी झालं. म्हणजे चोरीला धक्का बसला तो वरच्या हिशेबाने. आणि हिशेब लावताना खालच्या माणसाला कुणी सांभाळलं नाही, तर भार त्याच्याच ताटावर आला.

त्याच झारखंडात, सिमडेगा जिल्ह्यात, सप्टेंबर 2017 मध्ये 11 वर्षांची एक मुलगी गेली. घरात दिवसेंदिवस अन्न नव्हतं असं तिची आई सांगत होती. सरकारने मृत्यूचं कारण वेगळं सांगितलं. पण आधार जोडलं नाही म्हणून त्या घराचं रेशनकार्ड रद्द झालेलं होतं, हे खरं होतं. त्यानंतर ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना स्पष्ट लिहिलं की आधार नाही किंवा बोटांचा ठसा जुळत नाही, एवढ्यावरून कुणालाही धान्य नाकारायचं नाही. दुसरी ओळख पाहून द्यायचं आणि वहीत नोंद करायची. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आधारचा निकाल देताना ठसा न जुळल्यामुळे कुणाचा हक्क बुडू नये, असं बजावलं. म्हणजे माझ्या मावशीला पहिल्या दिवशीच धान्य मिळायला हवं होतं. दुकानदाराने वही काढायला हवी होती. त्याने का काढली नाही, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, वहीवर दिलेलं धान्य माझ्या शिल्लक साठ्यातून वजा झालं नाही तर पुढच्या महिन्याच्या नियतनात, म्हणजे दुकानाला मिळणाऱ्या धान्यात, कापतात, मग मी कुठून आणू? त्याचं चुकलं असं मला म्हणवेना. नियमाने त्याला माणुसकी दाखवायची मुभा दिली, यंत्राने तिचा दंड लावला.

अन्न सुरक्षा कायदा, 2013 चं कलम 12 मी अनेकांना वाचून दाखवतो. रेशन व्यवस्थेत काय सुधारणा करायच्या याची तिथे यादी आहे. सुरुवातीलाच धान्य दुकानाच्या दारापर्यंत पोचवणं आहे. मग संगणकीकरण, तेही कशासाठी, तर सर्व पातळ्यांवरचे व्यवहार पारदर्शकपणे नोंदले जावेत आणि धान्य दुसरीकडे वळू नये म्हणून. आधारचा उल्लेख त्याच्यानंतर येतो, आणि लगेच पुढे नोंदी पूर्ण खुल्या ठेवण्याची गोष्ट आहे. 'सर्व पातळ्यांवर' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. गोदाम ही पातळी आहे, ट्रक ही पातळी आहे, तहसील ही पातळी आहे. आपण सगळ्यात खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईचा अंगठा पकडला आणि कायद्याचं काम झालं असं समजलो.

छत्तीसगडने हे उलट्या बाजूने करून दाखवलं होतं. तिथे 2004 मध्ये दुकानं खाजगी माणसांकडून काढून ग्रामपंचायती, बचत गट, सहकारी संस्था यांच्याकडे दिली. 2007 च्या सुमारास संगणक आला तो आधी साठ्याच्या आणि वाहतुकीच्या हिशेबाला. गोदामातून ट्रक निघाला की नाव नोंदवलेल्या गावकऱ्यांच्या मोबाइलवर मेसेज जायचा: अमुक दुकानासाठी इतकं धान्य निघालं. अंगठ्याचं मशीन तोवर आलेलंही नव्हतं. मेसेज वाचणारं एखादं पोरगं गावात असलं की 'माल आला नाही' हे उत्तर देणं कठीण होतं. साधं, स्वस्त, आणि नजर वर लावणारं तंत्रज्ञान. आपल्याकडेही दुकानवार व्यवहारांची माहिती संकेतस्थळावर उघडी असते, हे चांगलं आहे. पण ती पाहायला धडगावच्या पाड्यावरच्या माणसाने कुठे बसायचं? त्याच्याकडे मेसेज जाऊ शकतो. त्याच्या भाषेत आवाजी फोन जाऊ शकतो. बँका कर्जाच्या हप्त्यासाठी जे रोज करतात ते धान्यासाठी का जमू नये, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आता ज्या एका डिजिटल गोष्टीची मी मनापासून बाजू घेतो तिच्याकडे येतो. 9 ऑगस्ट 2019 ला महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात एकमेकांच्या रेशनकार्डावर धान्य उचलायची सोय सुरू झाली. आंध्र-तेलंगणासोबत देशात ही पहिली जोडी. योगायोग असा की 9 ऑगस्ट हा विश्व आदिवासी दिन. नंदुरबार, शहादा, धडगाव त्या दिवशी ढोल आणि पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या आवाजाने भरून जातात. या सोयीची खरी गरज याच माणसांना होती. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शिरपूर, साक्री इथून कोयता घेऊन जोडपी ऊसतोडीला दक्षिण गुजरातकडे निघतात. काही कपाशी वेचायला सौराष्ट्रात जातात. घरं बंद होतात किंवा म्हातारी आणि शाळेतली पोरं मागे राहतात.

तोडीवर जे होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. मजूर नेणाऱ्या मुकादमाने पावसाळ्यात किंवा दसऱ्याच्या आधी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, दिलेली असते. पडावावर, म्हणजे तोडीच्या मुक्कामी, पोचल्यावर रोज खायला धान्य लागतं. ते मुकादम देतो, ज्वारी आणि थोडे पैसे. याला खावटी म्हणतात. ही खावटी हिशेबात धरली जाते, व्याजासकट, आणि हंगामाच्या शेवटी मजुरीतून कापली जाते. सहा महिने पहाटेपासून ऊस तोडून माणूस घरी येतो तेव्हा कित्येकदा अंगावर बाकीच असते, म्हणून पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. योगायोगाने पावसाळ्याच्या उपासमारीत आदिवासींना मदत म्हणून सरकारने जी योजना चालवली तिचंही नाव खावटीच. एकाच शब्दाची ही दोन टोकं.

आता विचार करा. जोडप्याच्या कार्डावर दोन माणसांचं महिन्याला दहा किलो धान्य आहे. ते सुरत जिल्ह्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात उचलता येतं, आणि मागे राहिलेली म्हातारी तिच्या वाट्याचं गावात उचलू शकते, कार्ड वाटून घ्यायचीही सोय आहे. ते दहा किलो मिळाले तर मुकादमाच्या खावटीतले दहा किलो कमी झाले, त्यावरचं व्याज गेलं, शेवटच्या हिशेबात हातात चार पैसे राहिले. अन्नासाठी केलेली एक संगणकी जोडणी कर्जाच्या फासाची एक गाठ सैल करू शकते. इतकं ताकदीचं हत्यार आपल्या हातात सहा-सात वर्षं आहे.

आणि तरी पडावावरच्या लोकांशी बोललं की कळतं, बऱ्याच जणांना ते ठाऊकच नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना दुकान दूर पडतं, कारण पडाव शेताच्या कडेला असतो आणि ऊस संपला की हलतो. दुकानदार अनोळखी, भाषा गुजराती, आपल्याच गिऱ्हाइकाला माल पुरणार की नाही ही त्याची काळजी. काहींचं कार्ड गावातल्या कुणाकडे गहाण ठेवलेलं असतं आणि कार्ड हातात नाही म्हणजे हक्क नाही असं त्यांना वाटतं. खरं तर कार्डावरचा 12 अंकी नंबर किंवा आधार नंबर पुरतो.

इथेच एका नव्या नियमाने मला झोप लागू दिलेली नाही. 2025 मध्ये केंद्राने ठरवलं की सहा महिने धान्य उचललं नाही ते कार्ड तात्पुरतं बंद करायचं, आणि पुढच्या तीन महिन्यांत घरी जाऊन पडताळणी करायची. कागदावर हे वाजवी वाटतं. पण ऊसतोडीचा हंगाम किती महिन्यांचा असतो? साधारण सहा. ज्याला गुजरातमध्ये धान्य उचलता आलं नाही, तो मे महिन्यात घरी येतो. जून-जुलै हे सातपुड्यातले सगळ्यात कठीण दिवस: घरातली ज्वारी संपलेली, आमचूर विकून आलेले पैसे बी-बियाण्यात गेलेले, मजुरी नाही, नाले भरलेले. नेमकं तेव्हा त्याचं कार्ड बंद निघू शकतं.

माझी मागणी धान्य न उचललेल्या घरांच्या यादीपासूनच सुरू होते. महिन्याच्या 20 तारखेला यंत्राला बरोबर ठाऊक असतं की तालुक्यातल्या कोणत्या घराने धान्य उचललेलं नाही. या यादीकडे बघायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे 'यांना गरज नसेल, नावं कापा'. दुसरी म्हणजे 'यांच्या घरी काय झालंय ते बघून या'. एखादी म्हातारी अंथरुणाला खिळली असेल. एखाद्याचा अंगठा चार वेळा नाकारला गेला असेल. एखादं कुटुंब पडावावर असेल आणि त्याला फोन करून तिथल्या जवळच्या दुकानाचा पत्ता द्यायला हवा असेल. दर महिन्याच्या 20 ला ही यादी गावात ग्रामपंचायतीपाशी लागली पाहिजे, आणि कोतवाल, आशा किंवा बचत गटाची बाई यांपैकी कुणीतरी त्या दारात गेलं पाहिजे, धान्य घेऊन. भूक कुठे आहे ते आधी कळायला लागणारं सगळं तंत्रज्ञान आपण विकत घेऊन ठेवलं आहे. ते नावं कापायला वापरायचं की माणूस शोधायला, हा निर्णय माणसांचा आहे.

अंगणवाडीचीही हीच गत. 1 मार्च 2021 ला अंगणवाडीच्या नोंदी मोबाइलवर भरायचं 'पोषण ट्रॅकर' हे अॅप आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, कारण ते तापायचे, बंद पडायचे, आणि अॅप इंग्रजीत होतं. त्या आंदोलनाकडे कामचुकारपणा म्हणून पाहणाऱ्यांनी एकदा मोलगीच्या वर एखाद्या पाड्यात जाऊन यावं. तिथे सेविका माहिती भरायला रेंज शोधत टेकाडावर चढते. जुलै 2025 पासून घरी नेण्याचा आहार देताना मातेचा चेहरा ओळखून घेणं बंधनकारक झालं. त्यासाठी आधी आधारची पडताळणी, आणि तिचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर बहुतेक घरांत नवऱ्याचा. नवरा मजुरीला बाहेर, फोन त्याच्या खिशात, तोही दिवसा बंद. बाई पाच महिन्यांची गरोदर, दारात उभी, आहाराचं पाकीट सेविकेच्या हातात, आणि दोघींच्या मध्ये सहा आकडे अडकलेले. अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला, लहान मुलाला हा आहार हक्क म्हणून दिला आहे. त्या कलमांत चेहऱ्याची अट नाही.

याच खात्याचं एक चांगलं कामही सांगायला हवं. स्थलांतर करणाऱ्या माता-बालकांचा माग ठेवून ती जिथे गेली तिथल्या अंगणवाडीला कळवण्याची प्रणाली महाराष्ट्राने उभी केली. ही कल्पना मला मोलाची वाटते, कारण तिथे यंत्र बाईला काही सिद्ध करायला लावत नाही. व्यवस्थेलाच सांगते की ती आता तुझ्या हद्दीत आली आहे, तिला शोध. तिच्या वजनाची नोंद राज्याच्या सीमेवर थांबू नये, एवढंच.

हल्ली भुकेवर अॅप काढण्याची हौस शहरांत फार दिसते. लग्नातलं उरलेलं जेवण गरजूंपर्यंत पोचवायचं वगैरे. जळगाव-धुळ्यात करणाऱ्यांनी जरूर करावं, कुणाचं एक वेळचं पोट भरतं. पण हक्काच्या पाच किलोला तो पर्याय नाही. केळीचे भाव पडले की आमच्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला घड बांधावर टाकावे लागतात, आणि तीस-चाळीस कोसांवर सातपुड्यातल्या मुलांच्या ताटात फळ नसतं. 2023 मध्ये राज्याने शाळेच्या आहारात आठवड्याला अंडं आणि अंडं न खाणाऱ्यांना केळी असा निर्णय घेतला होता; जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबवला. तो निर्णय झाला तेव्हा त्याला अॅप लागलं नव्हतं आणि थांबला तेव्हा कुठल्या सर्व्हरचा दोष नव्हता. पैसा कुठे खर्च करायचा हे तंत्रज्ञान ठरवत नाही.

तसंच इष्टांकाचं, म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं याच्या ठरलेल्या आकड्याचं. तहसीलमध्ये नव्या सुनेचं, नव्या बाळाचं नाव घालायला गेलं की 'इष्टांक शिल्लक नाही' हे उत्तर मिळतं. महाराष्ट्रात सुमारे 7 कोटी लोकांना या कायद्याचं धान्य मिळतं, आणि हा आकडा 2011 च्या जनगणनेवर बसवलेला आहे. 2011 नंतर किती पोरं जन्मली, किती घरं विभक्त झाली! पुढची जनगणना 2027 ला होईल, तिचे आकडे येऊन इष्टांक बदलेपर्यंत आणखी काही वर्षं. कितीही हुशार यंत्र आणलं तरी जे यादीतच नाही त्याला ते ओळखणार नाही. निदान नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे लोकसंख्येत जवळजवळ 70 टक्के आदिवासी आहेत, कागद तपासत बसण्यापेक्षा डोंगरातल्या सगळ्याच घरांना यादीत घ्यावं. तामिळनाडू हे संपूर्ण राज्यात वर्षानुवर्षं करत आलं आहे.

माझ्या मागण्या कुठल्याही अर्थसंकल्पाला जड नाहीत. ठसा दोनदा जुळला नाही की तिसरा प्रयत्न नको. मशीननेच 'धान्य द्या, वहीत नोंद करा' असं दाखवावं आणि तेवढा साठा दुकानदाराच्या शिल्लकीतून आपोआप वजा करावा. नाकारलेला प्रत्येक अंगठा मोजला जावा आणि त्याचा महिन्याचा आकडा तहसीलदाराच्या कामगिरीत धरला जावा. ट्रक निघाल्याचा मेसेज गावातल्या किमान दहा घरांना जावा. धान्य मिळालं नाही तर कायद्याच्या कलम 8 प्रमाणे अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा असतो. तो मागायला अर्ज लागू नये, यंत्राला जर मिळालं नाही हे कळतं तर पैसेही त्यानेच टाकावेत. पाच किलो नेताना म्हातारीकडून दर महिन्याला पुरावा घेणाऱ्या व्यवस्थेने, धान्य दिलं नाही तेव्हा स्वतःचा पुरावा द्यायला काय हरकत आहे?

आणि एक काम तर या वर्षीच होण्यासारखं आहे. दसऱ्यानंतर धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याच्या बाजारात उचल घेतलेली माणसं शेवटची खरेदी करायला येतात: विळे, चपला, लेकरासाठी स्वेटर. तिथे पुरवठा शाखेने आठ दिवस एक टेबल टाकावं. प्रत्येक कुटुंबाच्या हातात एक जाड कागद द्यावा, पावसात न भिजणारा. एका बाजूला त्यांचा 12 अंकी नंबर, कार्डावरच्या माणसांची नावं, महिन्याचे किलो. दुसऱ्या बाजूला गुजरातीत दुकानदारासाठी चार ओळी: या कुटुंबाचा धान्याचा हक्क तुमच्या दुकानात चालतो, कार्ड सोबत असणं जरुरीचं नाही, माल कमी पडला तर अमुक कचेरीला कळवा. खाली तक्रारीचा 1967 हा नंबर. टेबलापाशी भिली आणि पावरी या बोली बोलणारा एक पोरगा बसवावा, जो हे वाचून दाखवेल आणि ज्यांचं केवायसी राहिलंय त्यांचं तिथेच करून देईल. दिवाळीच्या दुसऱ्या आठवड्यात मुकादमांच्या गाड्या रात्री भरून निघतात. त्याआधी तो कागद त्यांच्या गाठोड्यात पडलेला असावा.